दाबाला वाट देणारा डेनिस पापिन

टाकून दिलेल्या वस्तूला दुसरा जन्म देण्याची कला उल्हासनगरला कोणी शिकवावी लागली नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या रिकाम्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि बराकींच्या आडोशाने कारखानदारी उभी राहिली. जे हाताशी आहे त्यातूनच हवे ते घडवायचे, हा या शहराचा स्वभाव बनला. अशा गावात, मग तो कॅम्प नं. ३ असो वा शेजारचे अंबरनाथ-बदलापूर, एखाद्या हौशी तरुणाने जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि पाच किलोचा छोटा गॅस सिलिंडर एकत्र जोडून रंगाच्या फवाऱ्यासाठी हवेची टाकी करायचे मनात आणले, तर त्याचे कोणालाही नवल वाटणार नाही. जगभरातील हौशी कारागिरांना ही कल्पना सुचते. मात्र बंद भांड्यात दाब साठवताना सर्वांत आधी कशाचा विचार करायचा, हे सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एका माणसाने दाखवून दिले होते. घरोघरी कुकरच्या शिट्टीतून त्याचीच युक्ती रोज बोलत असते. त्याचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

डेनिस पापिन, फ्रेंच उच्चारानुसार देनी पापँ, याचा जन्म २२ ऑगस्ट १६४७ रोजी फ्रान्समधील ब्लवा शहराजवळच्या शितने या गावी झाला. घराणे प्रॉटेस्टंट पंथाचे होते. कॅथलिक फ्रान्समध्ये या पंथीयांना ह्यूजनॉट म्हणत. त्या काळी त्यांना कायद्याने धर्मस्वातंत्र्य होते. पण ते किती दिवस टिकेल, याची खात्री कोणालाच नव्हती. पापिनने आंझे येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १६६९ मध्ये पदवी मिळवली. वैद्यकीत मात्र त्याचे मन रमले नाही. यंत्रे आणि प्रयोग यांची ओढ त्याला पॅरिसला घेऊन गेली.

पॅरिसमध्ये त्या वेळी ख्रिस्तियान हायगेन्स हा थोर डच शास्त्रज्ञ फ्रेंच विज्ञान अकादमीत काम करीत होता. पापिन त्याचा साहाय्यक झाला. तेथेच त्याची गाठ तरुण लायब्निट्सशी पडली आणि या दोघांचा पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षे चालू राहिला. हवेला वजन असते आणि ती सर्व बाजूंनी दाब देते, हे त्या पिढीला नुकतेच उमगले होते. भांड्यातील हवा काढून घेतली की बाहेरची हवा ते भांडे किती जोराने दाबते, हे पाहून युरोपातील विद्वान थक्क झाले होते. या जोराकडून काम करून घेता येईल काय, हा हायगेन्सचा ध्यास होता. नळकांड्यात थोडी बंदुकीची दारू उडवून दट्ट्या हलवण्याचा प्रयोग त्याने केला, तेव्हा पापिन त्याच्या हाताखाली होता. १६७४ मध्ये निर्वातासंबंधीचे आपले प्रयोग पापिनने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

१६७५ मध्ये तो लंडनला गेला आणि लवकरच रॉबर्ट बॉइलच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. वायूवरचा दाब वाढला की त्याचे आकारमान त्याच प्रमाणात घटते, हा शाळेच्या पुस्तकातला नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो, तोच हा बॉइल. पापिनने त्याच्यासाठी दोन नळकांड्यांचा हवापंप वापरात आणला. तेवढ्यावर तो थांबला नाही. हवा काढून घेण्याइतकेच ती कोंबून भरण्याचे प्रयोगही त्याने केले. बंद भांड्यात हवा दाबून भरायची, तिचा दाब पाऱ्याच्या मापकाने मोजायचा आणि त्या दाबाखाली ठेवलेल्या फळांचे व इतर पदार्थांचे काय होते, याची नोंद करायची, असा हा क्रम होता. १६८० मध्ये बॉइलच्या नावाने या प्रयोगांचा जो ग्रंथ निघाला, त्यातील बरेचसे काम आणि लेखनही पापिनचे होते. आज गॅरेजमध्ये टायर भरणारी दाबलेली हवा ज्यांनी प्रथम शिस्तीने मोजून पाहिली, त्या मोजक्या लोकांमध्ये त्याची गणना करावी लागेल.

याच सुमारास त्याने ज्या यंत्रावर हात ठेवला, त्याने त्याचे नाव इतिहासात राहिले. १६७९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याने एक जाड धातूचे नळकांडे मांडले. त्यावर झाकण होते आणि ते स्क्रूने घट्ट आवळता येत असे. आत पाणी आणि हाडे घालायची, झाकण आवळायचे आणि खाली विस्तव करायचा. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते आणि मग विस्तव कितीही वाढवला तरी त्याचे तापमान वर चढत नाही. वाफ कोंडून धरली तर मात्र दाब वाढतो आणि दाबाबरोबर उत्कलनबिंदूही वर सरकतो. बाहेरच्या हवेच्या दुप्पट दाब आत असेल, तर पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. अशा पाण्यात कठीण हाडेही थोड्या वेळात मऊ होतात आणि त्यातला पोषक रस बाहेर येतो. गरिबांच्या वाट्याला येणारी हाडे आणि निबर मांस कमी इंधनात अन्न म्हणून वापरता यावे, हा पापिनचा हेतू होता. १६८१ मध्ये त्याने या यंत्रावर इंग्रजीत छोटे पुस्तक लिहिले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सोसायटीच्या सभासदांना त्याच यंत्रात शिजवलेले जेवण वाढण्यात आले आणि मंडळी तृप्त झाली.

मात्र या यंत्राची खरी थोरवी अन्नात नव्हती; ती झाकणावरच्या एका लहानशा छिद्रात होती. कोंडलेली वाफ किती जोर धरील, हे बाहेरून दिसत नाही. भांडे शांत दिसते आणि फुटायच्या क्षणापर्यंत शांतच दिसत राहते. पापिनने झाकणाला छिद्र पाडले, त्यावर एक बूच बसवले आणि बुचावर एक दांडी टेकवली. दांडीचे एक टोक बिजागरीसारखे अडकवलेले, दुसऱ्या टोकाकडे वजन टांगलेले. बाजारातील काट्याच्या दांडीवर जसे वजन पुढेमागे सरकवतात, तसे हे वजन सरकवून बूच किती जोराने दाबून धरायचे ते ठरवता येत असे. आतला दाब त्या जोरापेक्षा वाढला की बूच आपोआप उचलले जाई, वाफ सुटे आणि दाब उतरला की बूच पुन्हा बसे.

या साध्या रचनेने एकाच वेळी दोन कामे साधली. भांडे फुटण्याआधी दाबाला बाहेर पडायची वाट मिळाली. शिवाय छिद्राचे क्षेत्रफळ आणि वजन यांवरून आत नेमका किती दाब आहे, याचा हिशेबही करता आला. तापमानासाठी त्याने आणखी एक युक्ती योजली. झाकणावरील खळग्यात पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो उडून जायला लंबकाचे किती हेलकावे लागतात ते मोजायचे. भरवसा अंदाजावर ठेवायचा नाही, मोजमापावर ठेवायचा, ही बॉइलच्या प्रयोगशाळेची शिस्त येथे पणाला लागली होती. आजच्या कुकरच्या झाकणावरील शिट्टीचे वजन हा त्या दांडीचाच धाकटा वंशज होय. वजन अडकून बसले तर वितळून वाट मोकळी करणारी वेगळी झडप हल्लीच्या कुकरला असते; ती पापिनच्या विचाराची पुढची पायरी आहे.

कीर्ती मिळाली, पण बूड स्थिर झाले नाही. १६८१ मध्ये तो व्हेनिसला एका नव्या विद्वत्सभेत प्रयोगांची जबाबदारी घेऊन गेला. तीन वर्षांनी लंडनला परतला तेव्हा रॉयल सोसायटीत त्याला तात्पुरत्या प्रयोगप्रमुखाची तुटपुंज्या वेतनाची जागा मिळाली. इतक्यात १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ह्यूजनॉटांना संरक्षण देणारा नांतचा फतवा रद्द केला. पापिनच्या दृष्टीने मायदेशाचे दार कायमचे मिटले. धर्मामुळे घर सुटलेला माणूस हाताच्या कसबावर परमुलखात कसा जगतो, हे उल्हासनगरला वेगळे सांगण्याची गरज नाही.

जर्मनीतील हेस-कासेल संस्थानाच्या कार्ल या अधिपतीने ह्यूजनॉट निर्वासितांना आसरा दिला होता. त्याच्या राज्यात मारबुर्गच्या विद्यापीठात १६८७ मध्ये पापिनची गणिताचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेथे त्याने नात्यातील एका विधवेशी विवाह केला. विद्यार्थी थोडे, पगार अपुरा, सहकाऱ्यांशी कुरबुरी, अशा वातावरणात त्याने आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा विचार मांडला. १६९० मध्ये एका विद्वत्पत्रिकेत त्याने एक छोटे यंत्र वर्णिले. अडीच इंच व्यासाचे उभे नळकांडे, त्यात तळाशी थोडे पाणी आणि वर दट्ट्या. खाली विस्तव केला की वाफ दट्ट्याला वर ढकलते. विस्तव बाजूला केला की वाफेचे पुन्हा पाणी होते, आत पोकळी निर्माण होते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली रेटतो. या हिसक्याने सुमारे ६० पौंड वजन उचलले जाई. हायगेन्सच्या बंदुकीच्या दारूला जे साधले नव्हते, ते पाण्याने केले. वाफेच्या जोरावर नळकांड्यात दट्ट्या हलवण्याची कल्पना येथे प्रथम कागदावर स्पष्ट उतरली.

पाणचक्कीजवळ निर्माण झालेली शक्ती नळ्यांमधील हवेच्या मार्फत दूरच्या जागी नेता येईल, अशीही एक योजना त्याने मांडली होती. तेव्हाच्या नळ्या आणि सांधे हवा धरून ठेवण्याइतके घट्ट नसत, त्यामुळे ती योजना व्यवहारात उतरली नाही. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी बोगदे खणणारी यंत्रे नळीतून आलेल्या दाबलेल्या हवेवर चालू लागली, तेव्हा या स्वप्नाला अर्थ आला.

कार्लने त्याला नंतर कासेलला बोलावून घेतले. पाण्याखाली जाणारी नौका, भट्टीला वारा देणारा चक्राकार पंखा, कारंज्यांसाठी पाणी चढवणारी यंत्रे, असे उद्योग तेथे चालू होते. १७०५ मध्ये लायब्निट्सने त्याला थॉमस सेव्हरी या इंग्रजाच्या वाफेच्या पंपाचे चित्र पाठवले. ते पाहून पापिन पुन्हा कामाला लागला आणि १७०७ मध्ये त्याने नव्या यंत्रावर लॅटिन पुस्तिका प्रसिद्ध केली. या यंत्रात वाफ पाण्याला एका बंद टाकीत रेटत असे. टाकीतली हवा दाबली जाई आणि ती दाबलेली हवा पुढे पाण्याचा प्रवाह अखंड चालू ठेवी. हौशी कारागिराची हवेची टाकी आणि पापिनची ही टाकी यांच्यामागचे तत्त्व एकच आहे. धक्क्याधक्क्याने येणारी शक्ती साठवायची आणि सलगपणे वापरायची, हेच ते तत्त्व. बाष्पक भरपूर दाब धरणारा असल्याने आपली सुरक्षा झडप त्याने येथेही बसवली.

त्याच वर्षी त्याच्या आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रसंग घडला. कासेलमध्ये मन रमेना, म्हणून इंग्लंडला परत जाण्याचे त्याने ठरवले. वल्ह्यांऐवजी बाजूला फिरती चाके असलेली नाव त्याने बांधली होती. तीच घेऊन तो सप्टेंबर १७०७ मध्ये कुटुंबासह फुल्दा नदीतून निघाला. ही नाव वाफेवर चालत होती असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. पण ते खरे नाही. चाके माणसेच फिरवीत होती. पुढेमागे वाफ जोडावी, असा त्याचा मानस मात्र होता. फुल्दा आणि वेरा या नद्या जेथे मिळतात, त्या म्युंडेन गावी नावाड्यांच्या संघाची मक्तेदारी होती. पुढे जाण्याचा परवाना आधी मागूनही मिळालेला नव्हता. नावाड्यांनी नाव अडवली आणि तिची मोडतोड केली. साठ वर्षांच्या पापिनने ती लाकडे तेथेच सोडली आणि लंडनची वाट धरली.

लंडन आता पूर्वीचे राहिले नव्हते. बॉइल वारला होता, हूकही वारला होता. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदी न्यूटन होता. पापिनने आपल्या आणि सेव्हरीच्या यंत्रांची तुलनात्मक चाचणी घ्यावी, त्यासाठी थोडा खर्च मंजूर करावा, अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. त्याने एकामागून एक निबंध सादर केले. त्यांचे श्रेय किंवा मोल त्याला मिळाले नाही. १७१२ च्या जानेवारीतील त्याच्या अखेरच्या ज्ञात पत्रात विपन्नावस्थेचीच कहाणी आहे. योगायोग असा की, त्याच १७१२ मध्ये टॉमस न्यूकोमेन या इंग्रज लोहाराने इंग्लंडातील खाणीवर दट्ट्याचे वाफेचे यंत्र प्रत्यक्ष चालवून दाखवले. पापिनच्या मृत्यूची तारीख आणि जागा दीर्घ काळ कोणालाच ठाऊक नव्हती. अलीकडे लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील सेंट ब्राइड चर्चच्या जुन्या नोंदवहीत त्याच्या नावाच्या माणसाचे २६ ऑगस्ट १७१३ रोजी दफन झाल्याची नोंद सापडली. ती त्याचीच असेल, तर सहासष्टावा वाढदिवस उलटून त्याला चारच दिवस झाले होते.

माणूस विसरला गेला, पण झडप राहिली. एकोणिसाव्या शतकात गिरण्या, आगबोटी आणि आगगाड्या आल्या आणि प्रत्येक बाष्पकावर पापिनची युक्ती बसू लागली. काही ठिकाणी जास्त दाब मिळवण्याच्या हव्यासाने चालक त्याच झडपेवर जादा वजन ठेवत किंवा ती बांधून टाकत. अशा हव्यासाने अनेक बाष्पके फुटली आणि माणसे दगावली. आपल्याकडे १८६३ मध्ये कलकत्त्यात बाष्पकाचा भीषण स्फोट झाला, त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बाष्पकांच्या तपासणीचा कायदा झाला. पुढे १९२३ मध्ये सर्व देशासाठी कायदा आला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. भांड्याची ताकद ठाऊक असली पाहिजे, ती वेळोवेळी तपासली पाहिजे आणि दाबाला सुटायची वाट कधीही बंद होता कामा नये, हे पापिनचे तीन धडे या सर्व कायद्यांच्या मुळाशी आहेत.

छोट्या गॅस सिलिंडरची हवेची टाकी करू पाहणाऱ्याने हेच तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला प्रश्न ताकदीचा. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर मजबूत असतो, हे खरे. पण ती मजबुती त्या गॅससाठी आणि कारखान्यातून निघाला त्या स्थितीसाठी मोजलेली असते. त्याला भोक पाडले किंवा नवा नळ वेल्डिंगने जोडला की पोलादाची ती स्थिती बदलते. आत उरलेला थोडासा गॅसही घातक ठरतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्के असले की ठिणगी पुरेशी होते.

दुसरा प्रश्न तपासणीचा. हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. म्हणून हवेच्या टाकीला तळाशी पाणी काढायचा नळ असतो. गॅसच्या सिलिंडरला वर एकच तोंड असल्याने ते पाणी तळाशी साचते आणि पत्रा आतून गंजत जातो. बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो. सिलिंडरवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष रंगवलेले असते. पुढील चाचणी वर्षाच्या कोणत्या तिमाहीत व्हायची, ते त्यावरून कळते. परस्पर वापरात घेतलेला सिलिंडर त्या चक्रातूनच बाहेर पडतो. चाचणी पाणी भरून करतात, यालाही कारण आहे. पाणी फारसे दबत नाही, त्यामुळे भांडे फुटले तरी साठलेली ऊर्जा नगण्य असते. हवेचे तसे नाही. पाच किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १२ लिटर जागा असते. तेथे बाहेरच्या हवेपेक्षा आठपट जास्त दाबाची हवा भरली, तर तिच्यातील ऊर्जा पन्नास किलोचे पोते सात-आठ मजल्यांवरून खाली पडावे एवढी असते.

तिसरा प्रश्न वाटेचा. फ्रिजचा कॉम्प्रेसर लहान असतो म्हणून निरुपद्रवी नसतो. त्याला थांबवणारे कोणी नसेल तर तो दाब चढवतच राहतो. योग्य दाबाला उघडणारी स्वतंत्र सुरक्षा झडप, दाबमापक आणि ठरलेल्या दाबाला वीज तोडणारा स्विच यांच्याशिवाय कोणतीही टाकी अपुरी आहे. कायद्याचेही म्हणणे स्पष्ट आहे. घरगुती सिलिंडर ग्राहकाकडे अनामत रकमेवर असतो, तो कंपनीच्याच मालकीचा असतो. एका वायूसाठी मंजूर झालेला सिलिंडर दुसऱ्यासाठी परस्पर वापरता येत नाही. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. हवेसाठीच बनवलेली, चाचणी झालेली टाकी बाजारात मिळते आणि हौशीचा खर्च तेवढ्याने बुडत नाही.

पापिनने हौशी माणसाला कधी नाउमेद केले नसते. तो स्वतः जन्मभर हाती येईल त्या नळकांड्याशी खेळला. पण दाब वाढवण्याची युक्ती शोधताना तो सोडण्याची वाट त्याने त्याच यंत्रात करून ठेवली. धर्माने देश हिरावला, नावाड्यांनी नाव मोडली, विद्वानांनी पाठ फिरवली आणि थडग्याची खूणही उरली नाही. तरीही त्याची झडप जेथे जेथे मोकळी ठेवली जाते, तेथे तेथे कोणाचा तरी जीव वाचतो.